तारापूर: किनाऱ्यावरची भट्टी, पठारावरची वीज

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, माणसं झोपेतच गाडली गेली आणि वीजनिर्मिती खंडित झाल्याने दूर मुंबईतल्या कारखान्यांचीही चाकं थबकली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० चं, म्हणजे तेव्हा जेमतेम सात वर्षांचं. नव्या राज्याचा सगळा भरवसा एका नदीवर आणि एका धरणावर किती टेकला होता, हे त्या पहाटे मंडळाला फार महागात कळलं. त्याच दिवसांत मुंबईच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर तालुक्यात, समुद्राच्या काठी जाड काँक्रीटच्या भिंती उभ्या राहत होत्या. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे आकाराला येत होतं: तारापूर.

शिरूर-दौंडकडच्या वाचकाला तारापूर लांबचं वाटेल. घोड आणि भीमेच्या काठचा हा मुलूख उसाचा, कांद्याचा, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांचा. दौंड आणि शिरूर तालुक्यांचा मोठा भाग महावितरणच्या केडगाव विभागात येतो. तिथल्या उपकेंद्रात आलेली वीज कोराडीच्या कोळशावरची, कोयनेच्या पाण्यावरची की तारापूरच्या युरेनियमवरची, हे मीटर सांगत नाही. सगळी वीज एकाच जाळ्यात मिसळते. पण १९६९ पासून त्या जाळ्यात तारापूरचा वाटा आहे. तारापूरच्या पहिल्या दोन संचांची वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली, म्हणून राज्याच्या विजेचा इतिहास लिहायचा तर या केंद्राला बाजूला ठेवता येत नाही. आणि लोकांच्या सुरक्षेचा इतिहास लिहायचा तर त्याहून नाही, कारण तारापूरमध्ये सुरक्षा पहिल्या दिवशी पूर्ण तयार होऊन आली नव्हती. ती हप्त्याहप्त्याने आली, आणि बहुतेक हप्त्यांमागे कुठे ना कुठे घडलेला एक अपघात आहे.

सुरुवात होमी भाभांच्या हट्टातून झाली. कोळशाच्या खाणी पूर्वेला आणि मध्य भारतात, उद्योग पश्चिमेला. मुंबई-अहमदाबादच्या पट्ट्यात कोळसा आणायचा तर रेल्वेचं भाडंच अंगावर येई. अशा ठिकाणी अणुवीज परवडेल, असं भाभांचं गणित होतं. १९६० मध्ये जागतिक निविदा निघाल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. मे १९६४ मध्ये इंटरनॅशनल जनरल इलेक्ट्रिकबरोबर कंत्राटावर सह्या झाल्या. बांधकाम बेक्टेल या कंपनीकडे होतं. पैसा मुख्यतः अमेरिकी विकास-साहाय्य संस्थेच्या स्वस्त कर्जातून आला. सौदा ‘किल्ली हातात’ पद्धतीचा होता, म्हणजे कंपनीने सगळं उभं करायचं, चालवून दाखवायचं आणि मग भारताच्या हवाली करायचं. भाभांना ते केंद्र पाहायला मिळालं नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समध्ये विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

किल्ली हातात यायला वेळ लागला. स्टेनलेस स्टीलच्या भागांना बारीक भेगा आढळल्या, दुरुस्त्या झाल्या, वेळापत्रक घसरलं. या भेगांची गोष्ट पुढेही येणार आहे. अखेर फेब्रुवारी १९६९ मध्ये दोन्ही अणुभट्ट्यांत साखळी प्रक्रिया सुरू झाली. १ एप्रिल १९६९ रोजी पहिला संच वीजजाळ्याला जोडला गेला, मे महिन्यात दुसरा. २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी उत्पादन सुरू झालं आणि १९ जानेवारी १९७० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी केंद्र राष्ट्राला अर्पण केलं. दोन्ही संचांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती. आज महाराष्ट्राची मागणी तीस हजार मेगावॉटच्या घरात जाते, त्यामुळे हा आकडा किरकोळ वाटेल. पण कोयनेच्या पहिल्या टप्प्याची क्षमता २६० मेगावॉट होती, हे शेजारी ठेवलं की त्या काळात ४२० मेगावॉट म्हणजे काय, ते लक्षात येतं.

ही भट्टी चालते कशी, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचे सगळे वाद आणि उपाय त्यातूनच निघतात. तारापूरचे पहिले दोन संच उकळत्या पाण्याच्या जातीचे आहेत. युरेनियमच्या कांड्यांभोवती पाणी फिरतं, ते भट्टीच्या पात्रातच उकळतं आणि तीच वाफ टर्बाईन फिरवते. तारापूरच्या रचनेत याला आणखी एक जोड होती: काही पाणी वेगळ्या दुय्यम वाफ-जनित्रांतून नेऊन जास्तीची वाफ काढायची. या जनित्रांच्या नळ्या गळू लागल्या. किरणोत्सारी पाणी हाताळत त्या दुरुस्त करणं म्हणजे माणसांना जास्त मात्रा घ्यायला लावणं. शेवटी १९८० च्या दशकात ही जनित्रं बाजूला काढली गेली आणि दोन्ही संचांची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणली गेली. प्रत्येक संचाने पन्नास मेगावॉट कायमचे सोडले. विद्युत मंडळाच्या हिशेबात तो तोटा होता. कामगारांच्या दृष्टीने पाहिलं तर तारापूरच्या इतिहासातला तो सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. भट्टी बंद केली म्हणजे चुलीतली लाकडं ओढून घेतली, असं होत नाही. साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबते, पण कांड्यांत साठलेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता सोडत राहतात. बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे सहा टक्के असते, नंतर ती उतरत जाते, पण दिवसेंदिवस संपत नाही. म्हणजे भट्टी बंद असतानाही पाणी फिरत राहिलं पाहिजे आणि त्यासाठी पंपांना वीज मिळाली पाहिजे. ही वीज बाहेरच्या जाळ्यातून येते. म्हणून अणुकेंद्र जाळ्याला वीज देतं तसं जाळ्यावर अवलंबूनही असतं. सुरुवातीच्या दशकांत पश्चिमेकडचं जाळं अशक्त होतं, वारंवारता खाली-वर व्हायची, आणि जाळं डगमगलं की तारापूरचा संचही आपोआप सुटायचा. वाहिनी, उपकेंद्र, रिले यांची निगराणी करणारा माणूस अणुसुरक्षेच्या पुस्तकात सहसा दिसत नाही. पण साखळीतला तो एक कामाचा दुवा आहे.

मग इंधनाचं राजकारण आलं. मे १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली आणि अमेरिकेचा हात आखडला. १९७८ मध्ये अमेरिकी संसदेने अण्वस्त्र-प्रसारबंदीचा कायदा केला. तारापूरला ठरलेलं संपृक्त युरेनियम अडकलं. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधनाला मंजुरी दिली. प्रतिनिधिगृहाने ती मोठ्या बहुमताने फेटाळली, सिनेटने ४८ विरुद्ध ४६ अशा काठावरच्या मतांनी वाचवली. पालघर तालुक्यातल्या केंद्राचं भवितव्य वॉशिंग्टनमधल्या दोन मतांवर लटकावं, हा प्रकार विलक्षणच म्हणायचा. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि इंधन फ्रान्सकडून येऊ लागलं. १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपली. पुढे चीनकडून आणि मग रशियाकडून युरेनियम आलं, दरम्यान भाभा अणुसंशोधन केंद्राने युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र इंधनाचे काही संच इथे वापरून पाहिले. या सगळ्या काळात तारापूर बंद पडलं नाही. वीजही स्वस्त राहिली, वर्षानुवर्षं एक रुपया युनिटच्या आसपास. भांडवल फिटलेलं, इंधन थोडं लागणारं, म्हणून हा दर.

सुरक्षेचा पहिला हप्ता मात्र केंद्र सुरू झाल्यानंतर चौदा वर्षांनी आला. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माईल आयलंडचा अपघात झाला. त्यानंतर १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. तोवर चालवणारं खातं आणि तपासणारं खातं एकाच घरात होतं. नंतरही अंतर फार वाढलं नाही, कारण हे मंडळ अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी होतं. १७ सप्टेंबर १९८७ रोजी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी झाली आणि तारापूर तिच्याकडे गेलं. नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये देशातल्या अणुसंस्थांमधल्या सुरक्षेच्या सुमारे १३० उणिवांची यादी तयार झाली. ती लोकांपुढे ठेवली गेली नाही. २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं. त्यासाठी २०११ मध्ये आणलेलं विधेयक संसदेत रखडून निकालात निघालं. मंडळाला कायद्याचा दर्जा मिळण्याची तरतूद डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्यात झाली. १९८३ ते २०२५ हा प्रवास कुणालाही संथच वाटेल.

दुसरा हप्ता नरोऱ्याचा. उत्तर प्रदेशातल्या त्या केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाईनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, आग तारांच्या मार्गाने पसरली आणि केंद्राची सगळी वीज गेली. सतरा तास पंपांना वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी अंधारात बॅटरीच्या उजेडात वर चढून बोरॉन सोडण्याच्या झडपा हाताने उघडल्या, आणि आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी पाणी देऊन भट्टी थंड ठेवली. किरणोत्सार बाहेर पडला नाही. पण एक गोष्ट उघडी पडली: मुख्य तारा आणि पर्यायी तारा एकाच वाटेने गेल्या असतील तर एक आग दोन्ही खाते. तारापूरचे पहिले दोन संच १९६० च्या दशकातल्या आराखड्याचे, त्यांच्या कित्येक यंत्रणा सामाईक. हे दुरुस्त करायला २००५ च्या अखेरीपासून २००६ च्या सुरुवातीपर्यंत दोन्ही संच थांबवण्यात आले. दोन्हींचे वीजपुरवठे वेगळे केले गेले, मोठ्या क्षमतेची नवी डिझेल जनित्रं बसली, मुख्य नियंत्रण कक्ष वापरता न आल्यास चालवायला पर्यायी कक्ष आला. ही कामं बाहेरून दिसत नाहीत, त्यांचं उद्घाटनही कुणी करत नाही.

नेमक्या त्याच वर्षांत, राज्यात भारनियमन शिगेला पोचलं असताना, तारापूरचे दोन मोठे संच आले. तिसरा आणि चौथा संच प्रत्येकी ५४० मेगावॉटचे, दाबाखालच्या जड पाण्यावर चालणारे, पूर्णपणे भारतीय आराखड्याचे. इथे क्रमांक उलटा लागला: चौथा संच आधी, सप्टेंबर २००५ मध्ये व्यापारी उत्पादनाला लागला, तिसरा ऑगस्ट २००६ मध्ये. ३१ ऑगस्ट २००७ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. भारत-अमेरिका अणुकरारावरून तेव्हा दिल्लीत सरकार डळमळत होतं. एकूण क्षमता १,४०० मेगावॉट झाली. दौंड-शिरूरमध्ये ते दिवस ज्यांनी काढले त्यांना मात्र तारापूरच्या उद्घाटनापेक्षा बारा-बारा तासांचं भारनियमन, जळालेली रोहित्रं आणि सुकलेला ऊस जास्त आठवेल. १,०८० मेगावॉटने राज्याची तूट भरून निघणार नव्हती. तिचं मोजमाप हजारोंत होतं.

या दोन संचांची किंमत दोन गावांनी दिली: अक्करपट्टी आणि पोफरण. भट्टीभोवती सुमारे १.६ किलोमीटरच्या आत वस्ती चालत नाही, म्हणून ती उठवावी लागली. समुद्र सोडून आत जायचं, जाळं टाकणाऱ्या हातांनी दुसरा धंदा शोधायचा, हे मच्छीमार कुटुंबांना जमणारं नव्हतं. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. केंद्राच्या इतिहासात मेगावॉट मोजले जातात तसं हेही मोजलं पाहिजे. अणुवीज केंद्रामुळे झालेलं ठळक, नाकारता न येणारं नुकसान तारापूरला आजवर किरणोत्साराचं नाही, विस्थापनाचं आहे.

भट्टीभोवतीची वर्तुळं हा लोकांच्या सुरक्षेचा खरा नकाशा. आतल्या वर्तुळात कुणी राहत नाही. त्यानंतर पाच किलोमीटरपर्यंत वस्ती भरमसाट वाढू नये यासाठी निर्बंध असतात. बाहेरचं वर्तुळ सोळा किलोमीटरचं, ते आणीबाणीच्या नियोजनाचं. त्यात चिंचणी येतं, बोईसर येतं, किनाऱ्यावरची कोळ्यांची गावं येतात. या वर्तुळाचे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे भाग पाडलेले असतात, म्हणजे प्रसंग आला तर सगळ्यांना पळवायची गरज नाही. वारा ज्या बाजूला वाहतो तिथल्या लोकांना घरात दारं-खिडक्या लावून बसायला सांगायचं, आयोडीनच्या गोळ्या द्यायच्या, गरज पडली तर हलवायचं. हे करण्याची जबाबदारी केंद्राच्या कुंपणाबाहेर पडली की अणुशास्त्रज्ञांची राहत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तोवर हा अधिकारी शंभर किलोमीटरवर ठाण्यात बसायचा. जिल्हा विभागणीच्या चर्चेत या मुद्द्याचा फारसा उल्लेख कधी झाला नाही, पण तारापूरच्या दृष्टीने तो मोठा बदल होता. ठरावीक काळाने रंगीत तालीम होते. त्यात महसूल, पोलीस, आरोग्य यांच्याबरोबर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही उतरतं. या दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यातच, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे.

केंद्राच्या आसपासचं पाणी, मासळी, दूध, भाजी, मीठ यांचे नमुने तपासणारी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा हे तारापूरचं दुसरं जुनं काम. सामान्य माणसाला अशा केंद्रापासून वर्षाला जास्तीत जास्त १ मिलिसिव्हर्ट मात्रा चालते. निसर्गाकडून, म्हणजे जमीन, आकाश आणि अन्नातून माणसाला मिळणारी मात्रा जगभराच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३०. हे आकडे अहवालांत येतात. अडचण वेगळी आहे. चिंचणीच्या बाजारात मासळी घेणाऱ्या बाईपर्यंत ते तिच्या भाषेत, तिला कळेल असे कधी पोचले का? मोजलं गेलं खूप, सांगितलं गेलं कमी. शंकेला जागा तिथेच मिळाली.

दौंडकरांना हा अनुभव निराळ्या वाटेने आहे. कुरकुंभची औद्योगिक वसाहत रसायनांची. आगीच्या आणि वासाच्या तक्रारी तिथे नव्या नाहीत. ऑगस्ट २०१९ मधल्या एका रात्री कारखान्याला आग लागली तेव्हा लोक घरं सोडून रस्त्यावर आले. तारापूरचं नाव घेतलं की अणुभट्टी डोळ्यांसमोर येते, पण तारापूर नावाची औद्योगिक वसाहतही आहे, तीही रसायनांचीच, आणि तिथे मरणारी माणसं अणुकेंद्रात मेलेली नाहीत. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला, त्यात कामगार आणि त्यांचे कुटुंबीय दगावले. भोपाळनंतर रासायनिक कारखान्यांसाठीही कुंपणाबाहेरच्या आणीबाणीचे नियम झाले आहेत, १९८९ चे आणि १९९६ चे. जिल्हाधिकारी तिथेही जबाबदार आहेत. पण सोळा किलोमीटरचं वर्तुळ, वाऱ्याचे भाग, ठरलेल्या तालमी ही शिस्त जितकी अणुकेंद्राला लागली तितकी शेजारच्या वसाहतीला लागली नाही. अणूची भीती वाटते म्हणून त्याची तयारी झाली. रसायनाची सवय झाली, म्हणून झाली नाही.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमा घडलं तेव्हा तारापूरकडे सगळ्यांच्या नजरा वळणं साहजिक होतं, कारण फुकुशिमाच्या भट्ट्या आणि तारापूरचे पहिले दोन संच एकाच कंपनीच्या, एकाच घराण्यातले. त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली, पंप थांबले, कांड्या वितळल्या, हायड्रोजनचे स्फोट झाले. तारापूरला एक गोष्ट जमेची होती. तिथे आणीबाणीचा संघनक आहे: पंप नसतानाही वाफ त्यात जाऊन थंड होते आणि पाणी होऊन परत येते, काही तास तरी. तरीही त्यानंतर बाहेरून पाणी घालण्यासाठी जोडण्या बसवल्या गेल्या, भट्टीच्या कवचात नायट्रोजन भरण्याची सोय झाली, म्हणजे हायड्रोजन साठला तरी पेटू नये. हा तिसरा हप्ता. त्याच वर्षी १८ एप्रिलला जैतापूर प्रकल्पाविरोधात साखरी नाट्याला आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. माडबनच्या पठारावरचा तो प्रकल्प ९,९०० मेगावॉटचा ठरला होता. तो अजून कागदावर आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात जमीन हलू लागली. धुंदलवाडीच्या परिसरात महिनोन्‌महिने छोटे-मोठे धक्के बसत राहिले, लोक तंबूत झोपू लागले. धक्के सौम्य होते, पण त्यामुळे तारापूरच्या भूकंपरोधक क्षमतेची चर्चा पुन्हा झाली. कोयनेच्या भूकंपाची धास्ती घेतलेल्या राज्यात ती होणारच.

२८ ऑक्टोबर २०१९ रोजी पहिल्या दोन संचांनी पन्नास वर्षं पुरी केली. जगात इतकी जुनी आणि तरी चालती अणुकेंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आणि मग जुनं दुखणं वर आलं: भट्टीत पाणी फिरवणाऱ्या नळांना भेगा. २०२० मध्ये दोन्ही संच थांबवले गेले आणि ते नळ बदलण्याचं लांबलचक काम हाती घेतलं गेलं. भेगा वाढण्याआधी सापडणं हे तपासणीचं यश, आणि त्या पडणं हे १९६० च्या दशकातल्या पोलादाचं अपयश. दोन्ही खरं. एवढा जुना संच दुरुस्त करत राहावा की मोडीत काढावा, या प्रश्नाचं उत्तर न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने दुरुस्तीच्या बाजूने दिलं. त्यात स्वस्त विजेचा मोह होता, तसा मोडीत काढण्याच्या खर्चाचा आणि अनुभवाच्या अभावाचा धाकही असावा.

शिरूरमध्ये या काळात विजेची सुरक्षा वेगळ्याच कारणाने चर्चेत होती. शेतीपंपांना तीन फेजची वीज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन उसात पाणी द्यायला जातो, आणि घोडनदीच्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं मेली, लोकांनी रस्ता रोखला, दिवसा वीज द्या ही मागणी पुन्हा झाली. ही रात्रपाळी का, याचं उत्तर जाळ्याच्या स्वभावात आहे. मोठी केंद्रं, त्यातही अणुकेंद्रं, एकाच वेगाने दिवसरात्र चालवायची असतात. ती संध्याकाळी चढवून पहाटे उतरवणं सोयीचं नसतं. रात्री शहरं आणि कार्यालयं झोपली की उरलेली वीज कुठेतरी खपवायची, ती शेतीपंपांवर. आता सौर कृषी वाहिन्यांमुळे दिवसाची वीज गावाजवळच तयार होऊ लागली आहे आणि पाळीचं गणित पालटू शकतं. तारापूरची भट्टी आणि पिंपरखेडचा ऊस यांचा संबंध असा आहे. कुठल्या अणुसुरक्षेच्या अहवालात तो सापडणार नाही.

६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचं विभाजन झालं: निर्मिती महानिर्मितीकडे, वहन महापारेषणकडे, वितरण महावितरणकडे. मंडळ असेपर्यंत आणि नंतरही राज्याचं नातं तारापूरशी गिऱ्हाइकाचं होतं. वीज विकत घ्यायची, बिल भरायचं. भट्टीची जबाबदारी केंद्र सरकारची. ते बदलण्याची शक्यता एप्रिल २०२५ मध्ये दिसली. महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉमबरोबर थोरियमवर आधारित लहान अणुभट्टीच्या विकासासाठी सामंजस्य करार केला. आजवर कोळसा, पाणी, वायू आणि ऊन यांवर वीज करणारी राज्याची कंपनी पहिल्यांदा अणूकडे वळली आहे. करार म्हणजे प्रकल्प नव्हे. मधल्या पायऱ्या बऱ्याच आहेत: जागेची संमती, बांधकामाची संमती, चाचणीची संमती, चालवण्याचा परवाना, आणि मग ठरावीक वर्षांनी सगळ्याचा नव्याने आढावा. यांतली जागेची संमती सर्वांत आधी लागते. भूकंप, पूर, पाणी, वाऱ्याची दिशा आणि भोवतालची लोकसंख्या तपासल्याशिवाय ती मिळत नाही. कुंपणाबाहेरच्या आणीबाणीची योजना तर भट्टी पेटण्याआधी तयार आणि तालीम करून तपासलेली लागते. तारापूरची जागा निवडली तेव्हा नियामक मंडळ जन्मालाही आलं नव्हतं. महानिर्मितीला मात्र पहिला अर्ज त्याच्याकडेच करावा लागेल.